न झोंबणारं मीठ

मथुरा सकाळच्या तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, भाट्याला उतरली, ती घरी आलीच नाही. वाळूवर तिच्या सासरच्या डोर्लेकरांचा मांगर होता, जाळी आणि वल्ही ठेवायचा. त्यात जाऊन बसली. तिला तिथे बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. पण महारोग्यांच्या इस्पितळात सात वर्षं काढलेल्या बाईला आपली जागा कुठली हे कोणी सांगावं लागत नाही.

सगुणाने, तिच्या थोरल्या जावेने, भाकरी आणि सुकटीचं कालवण नेऊन दिलं. दिलं म्हणजे दारात खाली ठेवलं आणि आपण मागे सरली.

"बरी हायस?"

"बरी हाय, बाय. मोकळी केली मला. आता माज्यापासून कोनाला लागायचा नाय, असां सांगितलान डॉक्टरानी."

"आज सगळी बसनार हायत दुपारी. आबा काय तां बोलतील."

मथुराने मान हलवली. पदराखालचे हात काही तिने बाहेर काढले नाहीत. सगुणा वळली तेव्हा मागून एकच शब्द आला.

"शकू?"

"घरात हाय," सगुणा म्हणाली आणि चटचट पावलं उचलत निघाली. वाळू अजून तापायची होती, तरी तिचे पाय भाजल्यासारखे पडत होते.

ही रक्तपिती डोर्लेकरांच्या घरात शिरली ती कौतुकाच्या वाटेने. वैशाखात पावसाळ्याची बेगमी करायची, म्हणजे बांगडे चिरून मिठात घालायचे. मासे चिरून बायकांच्या बोटांना बारीक बारीक कापे पडलेले असतात, त्यांत खडेमीठ गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सगुणा तर दर बांगड्यामागे "आये गो" करायची. मथुरा तेव्हा नवी सून. ती मात्र कोपरापर्यंत हात मिठात घालून ओव्या म्हणत बसायची. खारवणाचा कारभार येसूआत्याकडे. आत्या म्हणजे आबांची विधवा बहीण, जिभेने तिखट आणि कामाला वाघीण. तिने वाडीभर डंका पिटला, "सून आनावी तर अशी. मीठसुदा झोंबत नाय हिला!" शेजारपाजारच्या सासवा आपापल्या सुनांना मथुराचे हात दाखवायला घेऊन यायच्या. सगुणाने आपल्या वाटणीचे बांगडेही हळूच तिच्याकडे सरकवले, आणि तेही आनंदाने. अख्ख्या खारवीवाड्यात एकालाही प्रश्न पडला नाही, की जितीजागती बाई, हिच्या हाताला मीठ झोंबत का नाही? पुढे एकदा चुलीतला निखारा बोटांत धरून मथुरा बोलतच राहिली. मांस जळल्याचा वास आला तेव्हा कौतुक संपलं. तोवर बोटं वाकायला लागली होती.

ती गेली तेव्हा शकूचं अंगावरचं दूध नुकतंच सुटलं होतं. सगुणाच्या पोटी काही नव्हतं. तिने शकूला उचलली ती आजपर्यंत खाली ठेवलीच नाही म्हणा ना. शकू तिलाच आये म्हणायची, तिच्या नवऱ्याला, धाकूला, बाबा म्हणायची. खरा बाप विठू मुंबईला आगबोटीवर खलाशी. वर्षाकाठी यायचा, पोरीला बत्तासे द्यायचा आणि सगुणाखेरीज कोणाला न सांगता इस्पितळाच्या कुंपणाशी जाऊन बायकोला बघून यायचा. दुसरं लग्न कर म्हणून सगळ्यांनी कानीकपाळी ओरडून झालं. त्याने केलं नाही. आज बायकोला घेऊन आला होता तो, पण ती मांगरात शिरली तेव्हा तिला घरात चल म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली नव्हती.

सगुणाचा जीव टांगणीला लागला होता तो मात्र वेगळ्याच गोष्टीने. होळीनंतर एकदा शकूला न्हाऊ घालताना तिला पोरीच्या उजव्या खांद्यामागे डाग दिसला. फिकट, रुपयाएवढा, कडा जरा उचललेली. माशांची पाटी घेऊन गावात विकायला गेली तेव्हा पोरीलाही नेली आणि एका डॉक्टरच्या खिडकीखाली उभी राहिली. मासेवाल्यांनी तिथे ओटा चढायचा नसे. वास येतो म्हणे. डॉक्टरांनी वरूनच पोलकं बाजूला करायला सांगितलं, वरूनच बघितलं, "नायटा आहे" म्हणाले आणि डबीतून मलम दिलं. पोरीला हात लावला नाही. सगुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिला इतकं हायसं वाटलं, की घरी येताना तिने शकूला लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. नायटा म्हणजे नायटा. पण मलम संपलं, डाग होता तिथेच. तेव्हापासून सगुणा पोरीला लांब बाह्यांचं, बंद गळ्याचं पोलकं घालत होती आणि कोणी विचारलं तर ऊन लागतं म्हणत होती.

आता तो डाग ओळखणारी बाई मांगरात येऊन बसली होती.

दुपारी सगळी घरापुढच्या खळ्यात बसली. होडी कालच वर ओढून झाली होती, त्यामुळे पुरुषमाणसं मोकळीच होती. आबा, म्हणजे म्हातारे सासरे आत्माराम, खांबाला टेकून बसले. धाकूने दोनदा खाकरून घेतलं. धाकू मनाने वाईट नव्हता, पण घरात काही वाईट बोलायचं असलं की ते त्याच्याच वाट्याला यायचं.

"आबा, माजा राग मानू नका. पन ह्या थोरलीनं पाटी घेऊन गावात जायाचां असतां. मांडवीची घरां, कचेरीतल्या कारकुनांची घरां. एकाला कळू दे, ह्यांच्या घरात रगतपिती हाय म्हनून. बांगड्याला हात कोन लावील? होडीवर फकस्त आपन नाय, चार घरां जेवतात."

"मी काय म्हनतंय," येसूआत्या म्हणाली, "उंडीच्या झाडाकडं खोपटी बांधून द्या. वारा चांगला हाय तिकडं. जेवान पोचता करू. लोकां विचारतील तर सांगू, वेगळी र्‍हाते."

"वारा चांगला हाय," विठू पुटपुटला.

"काय म्हनालास?"

"काय नाय."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "विठू, बायको तुजी. तुजा काय?"

"तुमी सांगाल तां," विठू जमिनीकडे बघत म्हणाला, आणि सगुणाला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. कुंपणाशी जाऊन रडणारा हा माणूस, चार माणसांत बसला की तोंडाला कुलूप.

"सगुणा," आबा म्हणाले, "पाटी तुज्या डोक्यावर, पोर तुज्या पदरात. तू बोल."

सगळे तिच्याकडे बघू लागले. विठूनेही मान वर केली. त्याला आशा होती, तिच्याकडूनच होती, हे तिला लख्ख दिसलं. दाराआडून शकू डोकावत होती, बंद गळ्याचं पोलकं घालून, घामाघूम.

"खोपटीच बरी," सगुणा म्हणाली. "जेवान मी नेत जाईन."

झालं. येसूआत्याने सुस्कारा सोडला, धाकूने पानाची चंची काढली. थोरली सून असं म्हणाली म्हणजे प्रश्न मिटला. खोपटी दूर असली की मथुराची नजर पोरीच्या खांद्यावर पडायची नाही, इतकाच सगुणाचा हिशेब होता आणि तो तिला एकटीलाच ठाऊक होता.

तेवढ्यात विठू उभा राहिला. त्याचा आवाज चढला.

"बांधा खोपटी. पन एक ऐका. मथुराला घेऊन गेलो तवां डॉक्टरानं पयला काय विचारलान ठावूक हाय? म्हनाला, हिला येवडी वर्सां घरात कशाला ठेवलीत? डाग ल्हान होता तवां का नाय आनलीत? तवां आनली असती तर बोटां र्‍हायली असती. आता तर म्हनतात, सुरवातीला दावला तर आतमंदी ठेवतसुदा नायत. मंगळवारी टोचतात आनि घरी धाडतात. गावातल्या शाळांतनी मानसां येतात, पोरांच्या पाठी बघून जातात. आपल्या वाडीत शाळा कुटं हाय? आपल्याला सांगनार कोन? आपन तर मीठ झोंबत नाय म्हनून पेढे वाटायचे तेवडे बाकी ठेवले!"

येसूआत्याचा चेहरा पडला. तिने पदर तोंडावर घेतला. "मला काय ठावूक रे," ती कशीबशी म्हणाली, "मला वाटला पोरगी कामाची हाय."

सगुणाला पुढचं काही ऐकू आलं नाही. डाग ल्हान होता तवां. तिच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. ती उठली, दाराआडून शकूचा हात धरला आणि खळ्यातून सगळ्यांच्या देखत चालू लागली.

"कुटं चाललीस?" धाकूने विचारलं.

"मांगरात."

"पोरीला घेऊन?"

तिने उत्तर दिलं नाही.

मांगरात कोंबड्या शिरल्या होत्या. मथुरा जाळ्यांच्या ढिगाशी बसली होती. दारात पोरगी बघून ती आधी उठली, मग मागे मागे सरत भिंतीला टेकली. हात पदराखाली घट्ट दाबून धरलेले.

"केवडी मोटी झाली," ती म्हणाली. "बाय, तिला जवळ नको आनू. लागायचा नाय, पन तरी नको."

"मथुरा, हिच्या पाठीवर बघ." सगुणाने पोलक्याची बटणं सोडली. घाईत एक बटण तुटून वाळूत पडलं. "डॉक्टर म्हनाला नायटा हाय. मला सांग नायटा हाय म्हनून."

मथुरा लांबूनच वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "खाज येती का गो बाय तुला तितं?"

"नाय," शकू म्हणाली. तिला ही बाई आवडली होती की नव्हती ते कळत नव्हतं, पण बाई हळू बोलत होती.

"बाय, कोंबडीचा पीस हाय बघ तितं. मऊ बघून घे. माज्या हातात र्‍हात नाय पीस, तू धर. आनि शकू, तू डोळे मीट. आये तुला पीस लावील. जितं लागंल तितं बोट ठेवायचा. खेळ हाय."

शकूने डोळे मिटले. सगुणाने पीस तिच्या हाताला लावलं. शकूने तिथे बोट ठेवलं. मानेला लावलं, शकू खांदे आकसून हसली आणि बोट बरोबर तिथेच टेकवलं. कानाला लावलं, तर खदखदली. "आये, गुदगुल्या करतंस!"

"आता तितं," मथुरा पुटपुटली.

सगुणाने पीस डागावर फिरवलं. शकू डोळे मिटून, बोट उचलून, वाट बघत उभी होती. सगुणाने पुन्हा फिरवलं. मधोमध, मग कडेने, मग पुन्हा मधोमध. पोरीचं बोट हवेतच होतं. ओठांवर हसू तसंच होतं, गुदगुल्यांसाठी तयार.

"लाव ना," शकू म्हणाली. "कवा लावतंस?"

सगुणाच्या हातून पीस गळून पडलं. ती मटकन खाली बसली. तिने तोंडात पदर कोंबला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, पण हुंदका पदराला थोडाच ऐकतो.

"बाय. बाय, माज्याकडं बघ." मथुरा पुढे येऊन तिच्यासमोर बसली होती. सकाळपासून पहिल्यांदा तिचे हात पदराबाहेर होते, आखडलेले, निम्मी बोटं नसलेले. ते हात आता तिने लपवले नाहीत. "माजे हात बघ. बघितलांस? हिचे असे व्हनार नायत. एकच डाग हाय, ल्हान हाय. मी तितं असले डाग घेऊन आलेली पोरां बघितलीत, आनि डाग पुसून घरी गेलेली पन बघितलीत. कडू कवठीचा तेल सुईनं टोचतात. दुखतां, खोटां नाय सांगत, लय दुखतां. पन तू वेळेत बघितलांस. माजा कोनी बघितला नाय. तू बघितलांस."

"मी लपवला," सगुणा म्हणाली. "होळीपासून लपवला."

"आज दावलांस ना?"

दारात सावली पडली. आबा, धाकू, विठू आणि मागे येसूआत्या, सगळे उभे होते. कधी आले कोण जाणे. शकू उघड्या खांद्याने मध्ये उभी होती आणि धाकूची नजर त्या डागावर खिळली होती. संध्याकाळी होडीवरून उतरला की हिला खांद्यावर घेऊन वाडीभर मिरवणारा माणूस तो. ज्या खांद्याला रोज हात लावला, त्याच खांद्यावर तो डाग होता.

"मंग…" धाकू म्हणाला. "मंग पोरीला पन खोपटीत धाडायची?"

दुपारी विषय त्यानेच काढला होता, त्यावरूनच खोपटी निघाली होती. तो वळला आणि मांगराच्या कुडाला कपाळ लावून उभा राहिला.

"खोपटीचा नाव काडू नका कोनी," आबा म्हणाले.

"पन आबा, मासा?" हे विचारलं ते येसूआत्याने, पण आता तिच्या विचारण्यात जोर नव्हता.

सगुणाने डोळे पुसले आणि उठली. "मासा मी विकतंय, आत्याबाय. विचारलांच कोनी तर सांगेन. घरात रोग हाय, दवा चालू हाय, माजा हात बघा आनि घ्यायचा तर घ्या. नाय घेतलान गावात, तर सुकां करून पालीच्या बाजारात नेऊ. कमी मिळतील, मिळू दे. लपवून एकीची बोटां गेली. दुसरीची नाय जाऊ द्यायची."

असं सगळं बोलून झाल्यावर ती स्वतःच घाबरली. सासऱ्यापुढे एवढं लांब ती आयुष्यात बोलली नव्हती. आबा मात्र नुसतेच मान हलवत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "विठू, मंगळवारी तरवाल्याला लवकर यायला सांगून ठेव."

येसूआत्या आत आली. मथुरासमोर उभी राहिली, तिच्या हातांकडे बघितलं. पण रडणं हा आत्याचा स्वभाव नव्हे. तिने मागे वळून सगळ्यांवर तोंड सोडलं. "अरे मेल्यांनो, सकाळधरनं बसलीय ती हितं धुरळ्यात! पानी तरी इचारलांत का कोनी? ऊठ गो मथुरा. घरात चल. ही काय मानसाला ठेवायची जागा हाय?"

"आत्याबाय, मी मांगरातच र्‍हाईन," मथुरा म्हणाली. "घरात नको. येनारी जानारी बघतील. पोरीचा काम व्हईस्तवर र्‍हाते, मंग बघू."

"मथुरा," सगुणा म्हणाली. "मंगळवारी टोचून आनली की रात्री रडेल ती. मी थापटीन, गोष्टी सांगेन. पन दुकतां कसां, कवा थांबतां, ह्यातला मला काय ठावूक हाय? तू घरातच र्‍हायला हवीस."

मथुराने तिच्याकडे बघितलं.

शकूला इतका वेळ कोणी विचारलं नव्हतं. ती मथुराच्या हातांकडे बघत होती, भीतीने नव्हे, नवलाने. मग तिने मान वर केली.

"तू माजी आये हायस ना? पोरी सांगतात वाडीतल्या."

मथुराने शकूकडे न बघता सगुणाकडे बघितलं. त्या बघण्यात नुसती विचारणा होती. तू नाही म्हणालीस तर नाही.

सात वर्षं सगुणा हा प्रश्न चुकवत आली होती. ताप आला की उशाशी ती, पडलं की फुंकर घालायला ती, पहिला दात पडला तो कौलांवर टाकायला ती.

"हो," ती म्हणाली. "हिच्या पोटची तू. जा जवळ."

शकू गेली आणि मथुरासमोर खाली बसली. मथुराने हात पुढे केले आणि मध्येच थांबवले.

"हातांना कळत नाय गो माज्या," ती म्हणाली. "तुला धरली का सोडली, कायच कळायचा नाय."

मग तिने मान वाकवली आणि शकूच्या डोक्यावर गाल टेकवला. तसाच राहू दिला. तिथे तिला कळत होतं. डोळे मिटून ती पोरीचं ऊन लागलेलं डोकं, तेलाचे केस, कपाळावरचा घाम, सगळं गालाने बघत होती. शकू अवघडून बसली होती, पण बाजूला झाली नाही.

सगुणाला हेवा वाटला. खोटं कशाला बोला, चांगला कडकडीत हेवा वाटला. पोरीला दंडाला धरून ओढावी आणि घरी न्यावी असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, शकूची जाड वेणी डोक्यावरून पुढे आली होती आणि मथुराच्या गालाखाली सापडली होती. सगुणा पुढे वाकली आणि तिने ती वेणी हलकेच बाजूला केली, म्हणजे मथुराला पोर नीट लागेल.